घरचे संकेतस्थळ आणि राउटरची शिस्त



संकेतस्थळ म्हणजे काय आणि ते घरच्या संगणकावर कसे मांडावे, याचा ऊहापोह येथे पूर्वी झालेलाच आहे, असे मी धरून चालतो. माझे म्हणणे एवढेच, की ज्याचे लेखन त्याचे दप्तर त्याच्याच घरी असावे, आणि केवळ 'घरचे संकेतस्थळ मंद चालते' या सबबीवर ते परक्याच्या हवाली करणे मला मंजूर नाही. कारण त्या मंदगतीचा दोष पुष्कळदा राउटरचा असतो.

वाचकाची मागणी आत येते ती चिमुकली, पान बाहेर जाते ते अवजड. तेव्हा सारी भिस्त अपलोडवर. अपलोड सेकंदाला 20 मेगाबिट असेल, तर 5 मेगाबाइटचे छायाचित्र बाहेर पडण्यास 2 सेकंद लागणारच. परंतु त्याच वेळी घरात कोणी लग्नाचे चित्रीकरण अपलोड करू लागले, की चार ओळींचे पानही खोळंबते. आणि मग गृहस्थ बाजारात जाऊन सहा अँटेनांचा राउटर घेऊन येतो! (हशा) संगणक केबलने जोडलेला असेल, तर बाहेरच्या वाचकाला त्या अँटेनांचा काडीमात्र उपयोग नाही.

येथे जिम गेटिस यांची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. एक्स विंडो प्रणालीच्या जनकांपैकी हे एक. 2010 च्या सुमारास घरून मोठ्या फाइली पाठवीत असता आपल्या जोडणीवरील विलंब सेकंदापलीकडे जातो, असे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरविला. मेमरी स्वस्त झाल्यामुळे निर्मात्यांनी मोडेम-राउटरांत बाहेर पडणाऱ्या पॅकेटांच्या रांगेला अफाट जागा करून दिली होती. पॅकेट गहाळ झाले की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा, ही टीसीपीची शिस्त. पण इतक्या ऐसपैस रांगेत पॅकेट वेळेवर गहाळच होत नाही, आणि पाठवणारा भर घालीतच राहतो. या विकाराला त्यांनी बफरब्लोट हे नाव दिले. पुढे 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही तजवीज मांडली: रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती तिष्ठले ते मोजावे, आणि ती प्रतीक्षा 100 मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही 5 मिलिसेकंदांखाली उतरली नाही, तर पॅकेटे टाकू लागावे. एरिक ड्युमाझे यांनी तिला निरनिराळ्या प्रवाहांच्या वेगळ्या रांगांची जोड दिली, आणि एफक्यू-कोडेल सिद्ध झाले. केवढी सुंदर ही योजना! आपले चित्रीकरण खुशाल जात राहते, आणि वाचकाचे पान त्याच्या बाजूने निसटून पुढे जाते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता थोडक्यात. राउटर घ्यावा तो एफक्यू-कोडेलची सोय असलेली ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालविणारा आणि सक्षम प्रोसेसरचा, कारण या बंदोबस्ताचा भार प्रोसेसरवरच पडतो. 20 मेगाबिटांची मर्यादा 18 वर बांधावी, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या अमलाखाली राहते.

(मागून: 'आणि वीज गेली तर?')

जरूर जाईल, त्यासाठी लहानसा यूपीएस ठेवावा. जगातील पहिले संकेतस्थळही सर्न येथे टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावरच होते, आणि तो बंद करू नये अशी सूचना त्यावर डकविलेली होती! (टाळ्या) ज्यांना इंटरनेट कंपनीने सामाईक आयपी पत्ता दिला आहे, त्यांनी मात्र राउटर घेण्याआधी स्वतंत्र सार्वजनिक पत्त्यासाठी अर्ज करावा. तो मिळेपर्यंत, आयपीव्ही6 ची सोय नसल्यास, बाहेरची मागणी त्यांच्या राउटरपर्यंत थेट पोहोचायचीच नाही.