घर एकाचे, रस्ता सर्वांचा



“माझ्या घराची खिडकी मी कशी बदलावी, हे सांगणारे तुम्ही कोण?” कोणताही घरमालक हे विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे. आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली लागू झाली. तिने जुन्या वास्तूंच्या तीन श्रेणी पाडल्या आणि सुट्या इमारतींबरोबर अख्खे परिसरही यादीत घेतले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला बळकटी आणण्यापुरताच हात लावता येतो. दुसरीत काटेकोर तपासणीनंतर आतले फेरफार चालतात. तिसरीत बाहेरचे बदलही चालतात. मात्र परिसराचे रूप बिघडता कामा नये. अर्जांवर सल्ला देणाऱ्या समितीत वास्तुरचनाकार, अभियंते आणि शहराच्या इतिहासाचे जाणकार असतात.

परिसर का जपायचा? गिरगावातील खोताची वाडी पाहा. अरुंद गल्ली, लाकडी जिने, कौलारू छपरे, गल्लीला लागून ओसऱ्या. तेथे एका घराच्या जागी उंच इमारत आली, की शेजाऱ्याचा उजेड जातो आणि गल्लीचे वळणही जाते. म्हणून तपासणी एकट्या घराची नसते. त्याच्या शेजाराचीही असते.

पण नाण्याची दुसरी बाजू आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडे तुटपुंजे आणि दुरुस्तीचा खर्च हजारोंचा! अशा मालकाला सागवानी सज्जा जसाच्या तसा राखायला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय. गमावलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोय नियमावलीत आहे. परंतु ती जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या शहराची सोय. वऱ्हाडातल्या लहान गावात त्या हक्काला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या गावांनी मुंबईचा नियम घ्यावा, पण त्याआधी मालकाच्या पदरी काही घालावे. घरपट्टीत सूट द्यावी, जुने काम जाणणारा गवंडी-सुतार मिळवून द्यावा, आणि अर्जाचा निकाल ठरल्या मुदतीत, कारणांसह द्यावा. ज्या कागदावर समिती “नाही” लिहील, त्याच कागदावर “मग काय करता येईल” हेही तिने लिहावे. वारसा गावाचा असेल, तर त्याचा भार एकट्या मालकाने का सोसावा?