मुलांच्या हातातील पैसा
(प्राथमिक शाळेच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या पटांगणात मुलांचा बाजार भरला होता. चौथीतील एका मुलाने मेथीच्या 20 जुड्या आणल्या होत्या. दहा रुपयांस एक याप्रमाणे त्या सर्व विकून तो धावतच माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, मला 200 रुपये नफा झाला!" मी विचारले, "मेथी कोठून आणलीस?" "बाबांनी आणून दिली." "बाबांनी किती पैसे मोजले?" मुलगा गप्प राहिला. वडिलांकडे चौकशी करता जुडी सात रुपयांस पडल्याचे कळले. म्हणजे मेथीचे 140 रुपये वजा जाता नफा उरला 60 रुपयांचा.

हा मुलगा वहीतील वजाबाकी बिनचूक करतो. परंतु वडिलांच्या खिशातून गेलेला पैसा त्याच्या हिशेबात कोठेच नव्हता. दोष त्याचा नव्हे. घरात पैसा कोठून येतो व कसा खर्च होतो, हे आपण मुलांस दाखवीतच नाही. पूर्वी मूल मुठीत नाणे घट्ट धरून दुकानात जाई व उरलेली मोड मोजून घरी आणी. 2016 साली यूपीआय सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांतील व्यवहार मोबाइलवर होऊ लागले आहेत. मोबाइल पुढे धरला की वस्तू मिळते, एवढेच मुलाच्या दृष्टीस पडते. वडिलांजवळचे पैसे कमी झालेले मात्र त्यास दिसत नाहीत.

तथापि हिशेबापूर्वी शिकवावयाची आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पैशाविषयीचा खरेपणा. येथे मी माझीच चूक सांगतो. माझी मुलगी सात वर्षांची असताना जत्रेत तिने एक बाहुली मागितली. "माझ्याजवळ पैसे नाहीत," असे मी सांगितले आणि पुढल्याच दुकानात स्वतःसाठी चपलांचा जोड घेतला. ती काही बोलली नाही. पुढे काही महिन्यांनी वहीसाठी दिलेल्या पैशांतील पाच रुपये उरले असता "काही उरले नाही," असे तिने मला सांगितले. खरे काय ते समजल्यावर मी रागावलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, जत्रेत तुम्हीही तसेच म्हणाला होतात."

मजजवळ उत्तर नव्हते. "पैसे आहेत, पण ते चपलांसाठी ठेवले आहेत," एवढे खरे बोललो असतो, तर ती कदाचित घटकाभर रडली असती. परंतु पैसा मोजका असतो व त्यातून निवड करावी लागते, हा धडा तिला त्याच दिवशी मिळाला असता. मी तिला शिकविले ते खोटे बोलणे.

मुलाने पैसे उचलले असे आढळल्यास पुष्कळ घरांत प्रथम हात उगारला जातो. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःची हकीकत सांगितली आहे. भावाचे सुमारे 25 रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी वयाच्या 15 व्या वर्षी त्याच भावाच्या सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा त्यांनी चिठ्ठीत कबुली लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत. कबुली देणाऱ्या मुलास घरात जागा असली पाहिजे, एवढाच बोध आपण यातून घ्यावा.

आता प्रत्यक्ष काय करावे? आठवड्यास ठरावीक वारी ठरावीक रक्कम मुलाच्या हाती द्यावी. ती दहा रुपये असली तरी पुरे. ही रक्कम घरकामाची मजुरी नव्हे, की परीक्षेतील गुणांचे बक्षीसही नव्हे. मुलाने ती पहिल्याच दिवशी गोळ्या-बिस्किटांत उडविली, तर रागावू नये आणि पुन्हा पैसेही देऊ नयेत. रिकाम्या हाताने काढलेले सहा दिवस त्यास आपल्या उपदेशाहून अधिक शिकवतील. खर्च वहीत लिहावयास सांगावे. मात्र उलटतपासणी करू नये. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास टपाल कार्यालयात स्वतःच्या नावे बचत खाते उघडून ते स्वतः चालविता येते. पैसे भरण्यास त्यालाच पाठवावे. आपण फक्त सोबत जावे.

ज्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे दहा रुपयेही जड जातात, हे मी जाणतो. अशा घरी मुलास बाजारात बरोबर न्यावे आणि तेल, डाळ, मीठ यांचे भाव त्यास विचारू द्यावेत. घरची अडचण त्यास समजेल अशा शब्दांत सांगावी, परंतु कर्जाची धास्ती त्याच्या मनावर लादू नये.

पालकहो, वजाबाकी आम्ही शाळेत शिकवू. "पैसे आहेत, पण ते कशासाठी ठेवले आहेत," हे खरेपणाने सांगणे मात्र आपणच घरी शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे.