रस्त्याखालची माती कुठून येते?

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. तिथल्या कामगारांच्या मेहनतीचं कौतुक व्हायलाच हवं. पण पर्यावरणाला जपणारा रस्ता म्हटलं की आपली चर्चाही या वरच्या थरापाशीच घुटमळते. डांबरात प्लास्टिक किती मिसळलं, दुतर्फा झाडं किती लावली, एवढंच आपण विचारतो. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी रूढ केलेली प्लास्टिकची पद्धत उपयोगाची आहे, यात वाद नाही. मात्र रस्त्याचं खरं वजन असतं खालच्या भरावात. तीस मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भराव धरला, तर किलोमीटरमागे साठ हजार घनमीटर माती-मुरूम लागतो. बाजूच्या उतारांचा हिशेब वेगळाच. हे सगळं कुठून तरी खोदूनच आणावं लागतं. म्हणून महामार्ग निसर्गाला किती महागात पडला हे ठरवताना मी आधी विचारीन, ही माती आणली कुठून?

बहुतेक वेळा उत्तर असतं, जवळच्या टेकडीतून. बुलडाणा जिल्ह्यात मात्र गावतळी, नाले आणि नद्यांच्या खोलीकरणातून निघालेली माती आणि मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला वापरला गेला आणि ‘बुलडाणा पॅटर्न’ हे नाव सर्वतोमुखी झालं. यातला हिशेब साधा आहे. एक घनमीटर खोदलं की हजार लिटर पाण्याची जागा होते. म्हणजे एका किलोमीटरच्या भरावामागे सहा कोटी लिटरची. खोदाईचे पैसे रस्त्याच्या अंदाजपत्रकात तसेही धरलेले असतात. त्याच पैशात टेकडी बोडकी करायची की उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाचा तलाव खोल करायचा, एवढाच निर्णय उरतो.

यावर अभियंते एक रास्त शंका घेतात. तलावातला गाळ आणि विदर्भातली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकेल कसा? ही शंका प्रयोगशाळेत सहज तपासता येते. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन काचेच्या मोजपात्रांत टाकतात, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीपेक्षा निम्म्याहून जास्त फुगलेली दिसली, तर ती भरावात घालायची नाही, असा केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांचाच दंडक आहे. अशा वेळी वरचा गाळ शेतात पसरावा आणि खाली मुरूम लागला तर तो रस्त्यावर न्यावा. राज्यात २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहेच. शेतकरी गाळ न्यायला तयार असतो, फक्त दोन्ही कामांचं वेळापत्रक जुळवायला हवं.

दुसरा आक्षेप अंतराचा. तलाव लांब असला तर डंपरच्या डिझेलमध्येच सगळा फायदा जातो, हे खरं आहे, आणि अशा ठिकाणी हट्ट धरण्यात अर्थ नाही. कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास तर तिथल्या राखेचाच भराव जास्त शहाणपणाचा. पण अनेकदा तलाव जवळ असूनही वगळला जातो, कारण निविदा निघण्याआधी मार्गालगतच्या तलावांची पाहणीच झालेली नसते. कामाचा आदेश हातात पडल्यावर कंत्राटदार जवळची टेकडी गाठणारच. मला सर्वांत गंभीर वाटतो तो तिसरा धोका. मुरमाच्या हव्यासापायी नाल्याचा तळ वाटेल तसा उकरला, तर काठ ढासळतात आणि शेजारच्या विहिरींचं पाणीही ओढलं जाऊ शकतं. उभ्या कडांच्या खड्ड्यात गुरं आणि पोरं पडतात. म्हणून तळ किती खोल न्यायचा, काठाला उतार किती ठेवायचा, हे करारातच लिहिलेलं हवं आणि ग्रामपंचायतीसमोर मोजमाप झाल्याशिवाय खोदाईचं बिल निघता कामा नये.