रक्तवाहिन्यांचे छायाचित्रण : एका प्रस्तावाविषयी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च मला कळतो, डोळ्याचा पडदा कळत नाही. तरीही एका यंत्राविषयी बोलण्याची अनुमती मागतो. कारण त्याच्या खरेदीचा प्रस्ताव माझ्याच शेऱ्यामुळे दोन वर्षे मागे पडला. ‘मोतीबिंदू शस्त्रक्रियांना प्राधान्य द्यावे’ असा तो शेरा होता आणि हिशेबाने तो चुकीचाही नव्हता.

मागील हंगामात ऊसतोडीला निघालेला एक तरुण, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात म्हणून आला. पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज असावी, या संशयाने डॉक्टरांनी हैदराबादची चिठ्ठी दिली. उदगीरहून रेल्वे आहे. पण मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. तो गेला नाही. परतला तेव्हा उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता आणि साकळलेल्या रक्तापलीकडचा पडदा कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

हा ईल्सचा आजार असावा, असे आमच्या डॉक्टरांचे मत. बर्मिंगहॅमच्या डॉ. हेन्री ईल्स यांनी १८८० साली तो वर्णिला. त्यांनी त्याचा संबंध बद्धकोष्ठाशी जोडला होता! आपल्या देशात तो तुलनेने अधिक आढळतो, तोही बहुधा तरुण पुरुषांत, आणि क्षयरोगाशी त्याचे नाते असल्याचे मानले जाते.

१९६१ साली नोव्होटनी आणि अल्विस या दोन अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दाखविलेली पद्धत आजही उपयोगी पडते. हाताच्या शिरेत फ्लुरोसीन हे रंगद्रव्य टोचले की काही सेकंदांत ते डोळ्यात पोहोचते व निळ्या प्रकाशात हिरवट चमकते. निरोगी वाहिनी ते आत धरून ठेवते, सुजलेली वाहिनी पाझरू देते. जिथे रक्तपुरवठा तुटला, तिथे काळोख दिसतो; लेसर कोठे द्यावयाचा ते त्यावरून ठरते. नंतर दिवसभर लघवी पिवळी होते, हे रुग्णास आधीच सांगावे लागते. नाहीतर घरचे कावीळ समजून घाबरतात. क्वचित तीव्र ॲलर्जी होते, ती मात्र गंभीर बाब आहे.

ओ.सी.टी. अँजिओग्राफीस सुई लागत नाही. रक्तपेशींच्या हालचालीवरून ती सूक्ष्म वाहिन्यांचा नकाशा काढते आणि तपासणी वारंवार करता येते. विक्रेते म्हणतात, आता रंगद्रव्याचे दिवस संपले. आमच्या डॉक्टरांना ते मान्य नाही, कारण या नकाशात पाझर दिसत नाही. आणि दाह चालू आहे की शमला, हे पुष्कळदा पाझरावरूनच कळते.

म्हणून माझा शेरा मी मागे घेतो. प्रथम रंगद्रव्याच्या सोयीचा कॅमेरा, त्यासोबत जीवरक्षक औषधांचा संच व परिचारिकांचे प्रशिक्षण, एवढ्यास मंजुरी द्यावी. दुसरे यंत्र निधी जमेल तेव्हा घेता येईल. बाहेरगावी पाठविलेल्यांपैकी कोण पोहोचले, कोण नाही, याची नोंदवही कार्यालयात सुरू केली आहे.

त्या तरुणाचा डावा डोळा अद्याप शाबूत आहे. हा आजार बहुधा दोन्ही डोळ्यांना गाठतो, असे डॉक्टर सांगतात. त्याची पुढील तपासणी हंगामापूर्वी ठेवली आहे.