आकडा फुगला, पगार नाही



डब्लिन विमानतळाजवळ सँट्री नावाचं उपनगर आहे.
तिथल्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतो...
आयर्लंडची अर्थव्यवस्था कुठे चालली आहे?

उत्तर शोधताना एकच आकडा पाहू नका.

2015 साली आयर्लंडचं देशांतर्गत उत्पादन एकाच वर्षात जवळजवळ पाव पटीनं वाढलं.
लोकांचे पगार काही तेवढे वाढले नाहीत.
मग वाढलं काय?

बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटचे हक्क कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणले.
विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांचाही यात वाटा होता.
विमान उडायचं भलत्याच देशात...
हिशेब मात्र आयर्लंडच्या खात्यात!

म्हणून तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2017 साली वेगळं मोजमाप आणलं.
सुधारित राष्ट्रीय उत्पन्न.
त्यातून हा फुगवटा वगळला जातो.
मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं.

आता जगाकडे पाहू.
आयर्लंडच्या कंपनी कराचा मोठा भाग मोजक्या कंपन्यांकडून येतो.
त्यातल्या बहुतेक अमेरिकी आहेत.
त्यामुळे अमेरिकेनं आयातशुल्क वाढवलं, करनियम बदलले...
की काळजी डब्लिनला लागते.
खरा धोका इथे आहे.

तेव्हा पुन्हा सांगते, एकच आकडा पाहू नका.
वाढीची बातमी आली, की आधी देशातली मागणी पाहा.
घरखर्च वाढला का?
देशात नवी घरं, नवी कामं उभी राहिली का?
हे विचारा, आणि मगच घराच्या कर्जाचा निर्णय घ्या.