कानाला दडे बसले तर



एस.टी. घाट उतरू लागली की आपल्या कानांना दडे बसतात. आपण आवंढा गिळतो. कान मोकळे होतात. असे का होते?

कानात १ सेंटीमीटरभर रुंदीचा पातळ पडदा असतो. त्याच्या पलीकडे हवेची लहानशी पोकळी आहे. तिला मधला कान म्हणतात. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उतरते. आवंढा गिळला की ती उघडते आणि आत हवा जाते. सर्दीने नळी सुजली की हवा जात नाही. पडदा आत ओढला जातो. कधी आत पाणी साठते. मग कान बंद झाल्यासारखा वाटतो.

आपल्याला मात्र एकच ठाऊक. मळ झाला असेल! मग घाला काडी, ओता तेल. पण पडद्याला भोक असले तर ते तेल थेट मधल्या कानात जाते.

मोठ्या इस्पितळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे यासाठी एक यंत्र असते. या तपासणीला टिंपॅनोमेट्री म्हणतात. नाव अवघड, काम सोपे. डॉक्टर आधी कानात पाहतात. मळ दाटला असेल तर काढतात. मग कानात रबराचे मऊ बूच बसवतात. घूं असा आवाज येतो. यंत्र हवेचा दाब थोडा वाढवते, थोडा कमी करते आणि पडदा किती हलतो ते मोजते. घाटात होते तसे थोडे वाटते, बाकी काही नाही. एका कानाला मिनिटभरही लागत नाही. तेवढा वेळ बोलू नये, आवंढा गिळू नये.

कागदावर टेकडीसारखी रेघ उमटते. टेकडी मधोमध असली तर मधला कान बहुधा ठीक. डावीकडे सरकली तर आतला दाब कमी. टेकडीच नाही, रेघ सपाट, तर बहुतेक आत पाणी आहे, नाहीतर पडद्याला भोक आहे.

आता नीट ऐका. टेकडी मधोमध आली, तरी कान बंदच वाटतो, असेही होते. आमच्या ओळखीच्या एका शेतकरीदादांचा कान एका रात्रीत बंद झाला. त्यांनी महिनाभर तेल घातले. तपासले तेव्हा मधला कान धडधाकट! पण त्याच्याही आतल्या कानाचे ऐकणे गेले होते. त्यावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच सुरू करावे लागते. दादा आजही त्या बाजूने हाक मारली तर वळत नाहीत.

तेव्हा एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. "कान बंद आहे" एवढेच सांगू नका. कधीपासून बंद आहे, ऐकू किती येते, तेही सांगा. हे यंत्र पडदा तपासते, ऐकणे तपासत नाही. ऐकण्याची तपासणी वेगळी असते. तीही करा, असे डॉक्टरांना म्हणा.