नाक न दाबता

(सहकारी व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळक साहेबांनी मला गोसीखुर्दच्या कामाचा अहवाल 15 मिनिटांत सांगायला सांगितलं आहे. छापील अहवाल तुमच्या हातात आहेच, आकडे त्यात आहेत. म्हणून ही 15 मिनिटं मी एका मुलासाठी वापरते. त्याचं नाव सांगणार नाही, आणि कृपा करून चहाच्या वेळी विचारूही नका.

आपल्यातले बरेच जण धरण बघायला येऊन गेले आहेत. पावसाळ्यात 33 दरवाजे उघडले की रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, कणसं भाजणारे बसतात. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा मी तिसरीत होते. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात आणि नंतरही वैनगंगेच्या काठची गावं उठत राहिली. आमचं काम अशा उठलेल्या गावांत आहे. गोंड आणि हलबा कुटुंबं आहेत, ढिवर आहेत. नदी जवळ होती तेव्हा घरात मासोळी असायची. आता पाणी पुष्कळ आहे, पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून त्याच पाण्यात येतं. असो, तो विषय काढला तर 15 मिनिटं त्यातच जातील.

2021 च्या रोवणीच्या दिवसांत एका पुनर्वसन गावात मी मुलांचे दंड मोजत होते. आमच्याकडे रंगीत पट्टी असते. 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. हा मुलगा दोन वर्षांचा होत आला होता. पट्टी लाल. वजन साडेसहा किलोच्या आतबाहेर. त्याची आई म्हणाली, "खायले देतो तर थुकून टाकते जी ताई. मी काय करू?"

मी काय केलं ते सांगते. आधी तिला रागावले. घरात तांदूळ होता, डाळ होती, अंगणवाडीतून मिळालेली पाकिटं भिंतीच्या कोनाड्यात जशीच्या तशी पडली होती. पाकिटं बघून माझा पारा चढला. वहीत मी लिहिलं, "आई लक्ष देत नाही." पुढच्या महिन्यात वजन आणखी घटलं. तेव्हा मी म्हटलं, दाखवते तुला कसं भरवायचं. पाय लांब केले, त्याला पायांवर आडवं घेतलं, एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने पातळ पेज तोंडात सोडली.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे केलं असेल, आणि तुमच्यावरही केलं गेलं असेल. माझ्या आईने मला एरंडेल असंच पाजलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही आपल्या भाषेतली म्हण आहे. आपण ती सावकाराबद्दल आणि सरकारबद्दल वापरतो, पण तिचा जन्म बहुधा लेकरांना पाजतानाच झाला असावा. म्हण खरी आहे, तोंड उघडतंच. कारण मुलाला श्वास घ्यायचा असतो. आणि त्या श्वासाबरोबर घशातलं अन्न श्वासनळीत जातं.

त्याला ठसका लागला. ओठ काळसर पडले. मी त्याला उलटं करून पाठ थोपटली, तो रडला, आणि "बघ, गेलं की नाही पोटात" असं मी त्याच्या आईला म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला, छाती घरघरू लागली. न्यूमोनिया.

दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर आई जागची हलेना. त्याच वर्षी 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली होती. त्या बातमीनंतर आमच्या गावांतल्या आयांसमोर दवाखान्याचं नाव काढणं अवघड झालं होतं. शेवटी आजीने मुलाला उचललं आणि आमच्या गाडीत बसली, मागून आई आली. मुलगा वाचला. त्या रात्री मी व्हरांड्यात बसून प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द सुचले नाहीत. मुलाला आजारी कोणी पाडलं ते मला पक्कं माहीत होतं, आणि त्या दोघींना माहीत नव्हतं. ते त्यांना सांगायला मला दोन महिने लागले.

सुटी मिळाल्यावर डॉक्टरांनी नागपूरच्या एका थेरपिस्टकडे पाठवलं. मुलगीच होती ती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. काय भरवता, किती वेळा भरवता, असं तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "मला त्याला जेवताना बघायचंय." आईने डबा काढला, मुलाला पायांवर आडवं घेतलं. त्या मुलीने दोन घास पाहिले आणि थांबवलं.

तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मल्यावर तो उशिरा रडला होता, मेंदूला इजा झालेली होती, त्यामुळे स्नायूंवर ताबा नाही. डोकं मागे पडलं की अंग ताठ होतं, तोंड वासतं आणि जीभ आपोआप पुढे ढकलली जाते. जिभेबरोबर घासही बाहेर येतो. आपल्याला वाटतं, थुंकला. "तो थुंकत नाही हो," ती म्हणाली. "घास मागे न्यायचा कसा, ते त्याच्या जिभेला येत नाही."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे तो मले नाही नव्हता म्हणत?"

दोन वर्षं त्या बाईने रोज हेच मानलं होतं की आपलं लेकरू आपल्या हातचं नाकारतं. सासू म्हणत होती, शेजारीण म्हणत होती, आणि वहीत लिहून मीही तेच म्हटलं होतं.

घास गिळणं ही साधी गोष्ट नाही, हे मला चाळिशीनंतर कळलं. ओठ मिटायचे, जिभेने घास गोळा करून मागे न्यायचा, त्या क्षणी श्वास थांबवायचा, श्वासनळीचं झाकण लागलं की घास अन्ननलिकेत सोडायचा, मग पुन्हा श्वास. आपण हे बोलता बोलता करतो. काही मुलांना यातली एकेक पायरी शिकवावी लागते, आणि ती शिकवता येते.

सुरुवात बसण्यापासून झाली. आमच्या गावात पूर्वी डोंगे दुरुस्त करणारे एक सुतारकाका आहेत. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापले, दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या गुंडाळ्या बसवल्या आणि पायाखाली फळी दिली. पाय लोंबकळत असतील तर मुलाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. कंबर, गुडघे, पाऊल काटकोनात, डोकं किंचित पुढे, हनुवटी छातीकडे झुकलेली. हनुवटी झुकली की श्वासनळीची वाट अरुंद होते. आपण उभे राहून वरून भरवतो तेव्हा मूल वर बघतं आणि ती वाट सताड उघडते. म्हणून आईने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं.

चमचा छोटा आणि उथळ हवा. समोरून न्यायचा, जिभेच्या मध्यावर हलका दाब द्यायचा आणि थांबायचं. वरच्या हिरडीवर घासून अन्न पुसून काढायचं नाही; वरचा ओठ खाली येऊन त्याने स्वतः ते घ्यायला हवं. लागेल तसा हनुवटीखाली बोटाचा आधार. घास गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा नाही. रडताना एकही घास नाही.

आजीला सर्वांत अवघड गेलं ते पेज बंद करणं. अशक्त लेकराला पातळ द्यावं, ही तिची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पण या मुलांच्या घशातून पातळ पदार्थ इतका भरभर जातो की झाकण लागायच्या आत तो चुकीच्या वाटेला लागतो. घट्ट मऊ भात, घट्ट वरण, वरून चमचाभर तेल, सगळं बोटांनी मळून. जमेल तेव्हा मरळीचं मांस, काटा नाही याची दोनदा खात्री करून. अर्ध्या तासावर बसायचं नाही, त्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं.

पहिल्या आठवड्यात तो तीन चमचे खाई, तीन म्हणजे तीनच. मला उतावीळ व्हायची सवय आहे. वजनाचा काटा घेऊन मी दर आठवड्याला जात होते आणि काटा हलत नव्हता. चौथ्या महिन्यात हलला. आता तो पाच वर्षांचा आहे. चालत नाही, बोलत नाही, आणि चालेल असं मी इथे तुम्हाला सांगणार नाही. मात्र मागच्या दोन पावसाळ्यांत त्याला छातीचा त्रास झाला नाही. गेल्या महिन्यात आई भरवत असताना त्याने हाताने चमचा बाजूला सारला. मी पटकन म्हणाले, "अगं, अजून दोन घास दे." आईने वाटी खाली ठेवली. "पोट भरलं जी त्याचं," म्हणाली आणि त्याचं तोंड पुसलं. बरोबरच होतं तिचं.

सगळी मुलं अशी नसतात हेही सांगायला हवं. सव्वा वर्षाची एक मुलगी आजीच्या हातून जेवायची आणि आईचा हात जवळ आला की किंचाळायची. शेजारपाजारी म्हणत, बाहेरचं काहीतरी लागलं. आई उन्हाळ्यात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जात होती. हात कितीही धुतले तरी मिरचीचा जाळ बोटांना राहतो, आणि ती त्याच बोटांनी भरवत होती. हातांना आधी तेल चोळून मग साबणाने धुवायचं आणि चमच्याने भरवायचं, एवढंच ठरवलं. तरी ओठांना हात लावू द्यायला ती मुलगी तीन आठवडे तयार नव्हती. आधी गाल, मग हनुवटी, मग ओठ. ताटातला भात तिला चिवडू दिला, अंगाला फासू दिला. आजीला ती नासाडी बघवत नव्हती.

आणि काही मुलं केवळ उशीर झाल्यामुळे अडतात. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू व्हावं. उष्टावण थाटात होतं, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूध आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडात गुठळी गेलीच नाही तर चावायचं शिकणं पुढे फार जड जातं.

सरकारी व्यवस्था आहे, तिला नावं ठेवायला मी उभी नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. पण केंद्रात शिकवलेलं घरच्या ओट्यावर रोज पाच वेळा करायचं असतं, आणि आई पहाटे रोवणीला गेलेली असते. तिथे आपलं काम आहे. आता आम्ही प्रत्येक लाल पट्टीच्या मुलाला आधी जेवताना बघतो. पाकीट त्यानंतर.

याच पत्रिकेत त्या वर्षी आपण किती पाकिटं वाटली तो आकडा मोठ्या अक्षरात छापला होता. आकडा मीच पाठवला होता. कोनाड्यातली ती पाकिटंही त्यात मोजलेली होती.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात याईराच्या मुलीची हकिकत आहे. डिप्लोमाच्या वर्गात मी त्यावर प्रवचन लिहिलं होतं, गुणही बरे मिळाले होते. मेलेली मुलगी उठते, लोक थक्क होतात, तिथे मी ते संपवलं होतं. त्यानंतर प्रभू घरच्यांना तिला काहीतरी खायला द्यायला सांगतो, ते मी वगळलं होतं. सगळे चमत्काराकडे बघत असताना मुलीला भूक लागली असेल, हे त्याच्या लक्षात होतं.

शेवटी देणगीदारांना एक विनंती. सुतारकाका खुर्चीला मजुरी घेत नाहीत, पण लाकूड, खिळे आणि गोणपाट लागतं. खुर्ची मुलाच्या मापाची हवी, आणि मूल वाढलं की दुसरी. सध्या चार मुलांची मापं घेऊन ठेवली आहेत. नाताळात आमच्याकडे येणार असाल तर आनंदाने या, पण बिस्किटांचे पुडे आणू नका. छोटे, उथळ, बोथट कडांचे चमचे आणा. आणि जेवणाच्या वेळी आलात तर बोलू नका, कडेला बसून बघा.